नाचणीचं पेव आणि स्टेशनावरची पोती

तुम्ही उतरता ते बेंगळुरूच्या कॅन्टोन्मेंट स्टेशनावर. साल १८७७, महिना जुलै. दिवस पावसाचे, पण आभाळात ढगाचा तुकडा नाही. रुळांच्या कडेला शेडखाली, आणि शेड पुरली नाही म्हणून उघड्यावरही, तांदळाची पोती रचलेली आहेत. बंगाल आणि ब्रह्मदेशातून जहाजाने मद्रासला आलेली, तिथून आगगाडीने जोलारपेटमार्गे इथवर. पोत्यांपाशी शिपाई उभे आहेत. कुंपणापलीकडे माणसं बसली आहेत. ती ओरडत नाहीत, मागत नाहीत. मागून झालेलं आहे. एखादं पोतं फुटून दाणे सांडले तर मातीतून ते वेचायला पोरं धावतात, तेवढीच काय ती हालचाल.

तुमच्या खिशात आजच्या नोटा आहेत, त्या इथे चालत नाहीत. म्हणजे तुमची गतही कुंपणाबाहेरच्या माणसासारखीच: धान्य दिसतं, घेता येत नाही.

तिथून पेठेकडे चालत निघा. वाट बरीच आहे, पण टांगा मिळायचा नाही. घोड्याला चारा कुठला? रागीपेट, अक्किपेट, तारगुपेट. नाचणीची, तांदळाची आणि धान्याच्या अडतीची, अशी एकेक पेठ. दुकानं उघडी आहेत. मापं आहेत, मापाडी आहे, माल आहे. नाही ते गिऱ्हाईक. विणकरांच्या आळीतले माग थांबलेत, कारण पोटाला नसताना लुगडं कोण घेतो? लुगडी खपत नाहीत म्हणून विणकराच्या हाती पैसा नाही, आणि शेतात पीक नाही म्हणून मजुराला काम नाही. पितळेची भांडी आणि बायकांच्या अंगावरचं किडूकमिडूक सराफाकडे कधीच गेलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आडात आहे आणि पोहऱ्यात येत नाही.

पेठेच्या पश्चिमेला, म्हैसूर आणि तुमकूरच्या बाजूला, लोहमार्ग नाही. पुढे सगळी वाहतूक बैलगाडीची. पण १८७५ पाठोपाठ १८७६ चाही पाऊस हुकला तेव्हा कडबा संपला आणि बैल मेले. मद्रासहून धान्य आणायला इंजिन आहे; बेंगळुरूहून चाळीस-पन्नास मैलांवरच्या गावी न्यायला बैल नाही. दुष्काळाच्या इतिहासात पावसाचे आकडे हमखास सापडतात. मेलेल्या बैलांचा हिशेब फारसा कुणी मांडत नाही.

सरकारी दुष्काळी कामांवर गेलेल्यांची स्थिती काय? त्या वर्षी जानेवारीत व्हाइसरॉयने पाठवलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मद्रास इलाख्यासाठी मजुरी ठरवली: दिवसाला एक पौंड धान्य आणि वर जेमतेम मीठमिरचीपुरते पैसे. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, आणि तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी त्यावर सडकून टीका केली, तेव्हा काही महिन्यांनी मजुरी थोडी वाढली. हेच टेंपल त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले. आपल्या दख्खनेतल्या मजुरांनी या कमी मजुरीवर काम करायला साफ नकार देऊन कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लेखी मांडली. सभेने सरकारला पाठवलेली दुष्काळाची पत्रं आजही वाचावीत अशी आहेत. नुसता कळवळा नाही, गावोगावची माहिती आहे.

याच वेळी कलकत्ता आणि कराचीच्या धक्क्यांवर इंग्लंडला जाणारा गहू जहाजात चढत होता. १८७७-७८ मध्ये तो साधारण तीन लाख टन गेला, तोवरचा विक्रम. व्यापाऱ्याला दोष देऊन सुटका नाही. माल जिथे भाव तिथे जातो, आणि भाव देण्याची ताकद लंडनच्या पाववाल्याकडे होती, बेंगळुरूच्या विणकराकडे नव्हती.

१८७१ च्या खानेसुमारीत म्हैसूर संस्थानची लोकसंख्या ५०,५५,४१२ होती. १८८१ मध्ये ती ४१,८६,१८८ भरली. मधल्या दहा वर्षांत जन्मलेली मुलं जमेस धरूनही.

स्टेशनावरून निघण्याआधी एका माणसाचं नाव लक्षात ठेवा: चार्ल्स इलियट. म्हैसूरचा दुष्काळ कमिशनर म्हणून तो इथे येतो. इथे जे पाहतो ते घेऊन पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाचा सचिव होतो. अवर्षणात पहिला घाला पडतो तो मजुरीवर, ही गोष्ट त्या आयोगाने नोंदवली आणि त्यातून दुष्काळ संहिता आली. संस्थानच्या वाट्याला मात्र कर्ज आलं. १८८१ मध्ये राज्य ब्रिटिशांकडून परत वडियार राजघराण्याच्या हाती गेलं तेव्हा दिवाण रंगाचार्लूंच्या डोक्यावर ब्रिटिश सरकारचं ८० लाखांचं देणं होतं.

आता मागे सरका. साल १८००. टिपू पडून एक वर्ष झालंय आणि फ्रान्सिस बुकानन नावाचा स्कॉटिश डॉक्टर गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या हुकमावरून या मुलखाची शेती पाहत हिंडतोय. त्याच्या मागे मागे चला. तांबडी माती, मधेच उघडा खडक, आणि नजर जाईल तिथवर नाचणी. तिला इथे रागी म्हणतात. नांगरटी झाली की तिफणीसारख्या कूरिगेने ओळी पाडून पेरतात, आणि काही ओळींआड तूर किंवा अवरे, म्हणजे आपल्या वालाची भावकी. पाऊस उशिरा आला तर नाचणी कशीबशी तग धरते, लवकर गेला तर तूर-अवरे हाती लागतात. काहीतरी घरात येतंच. दाणा माणसाला, काड बैलाला. म्हणजे इथे एकाच पिकात घरच्यांचंही भागतं आणि बैलाचंही. १८७७ मध्ये पेठेबाहेर जे तुटलेलं तुम्ही पाहिलंत ते हेच.

एका रयताच्या मागून त्याच्या परसात जा. चिकट, कोरड्या जमिनीत खोल खोदलेलं पेव, तोंड अरुंद, आत पेंढ्याचं अस्तर. त्यात नाचणी ओतून तोंड बुजवून टाकलं की वरून बैल चालवला तरी पत्ता लागत नाही. उघडताना घाई करायची नाही. आत साचलेल्या कोंदट हवेने माणूस गुदमरून मरतो, म्हणून आधी काही वेळ तोंड मोकळं ठेवतात. नाचणीचा दाणा मोहरीएवढा, टणक, सहसा कीड न लागणारा. असा पेवात दहा दहा वर्षं राहतो. तांदळाचं असं होत नाही, ज्वारी तर दोन पावसाळ्यांत पोखरते. पुढे १८७७ ला जी पेवं रिकामी सापडतील, ती केवळ दोन वर्षांच्या अवर्षणाने रिकामी झाली, हे मला पटत नाही. रोख सारा भरायचा तर दाणे बाजारात न्यावे लागतात, आणि आगगाडीने बाजार दूरचा केला, भाव चढा दिला. चांगल्या वर्षी पेवात जायचं ते धान्य गाडीत बसलं. शेतकऱ्याने काही गाढवपणा केला नाही. त्याने जे फायद्याचं होतं ते केलं.

आणखी नऊ वर्षं मागे. मे १७९१. दोन महिन्यांपूर्वी लॉर्ड कॉर्नवॉलिसने बेंगळुरूचा किल्ला जिंकलाय आणि तिथून तो श्रीरंगपट्टणावर चालून गेलाय. तुम्ही त्याच्या छावणीत आहात. अरकेरेची लढाई त्याने जिंकली आहे, पण टिपूने वाटेतला मुलूख जाळून ठेवलाय. बैल रोज मरताहेत, शिपायांना भात नाही, आणि शेवटी जिंकलेल्या सेनापतीने स्वतःच्या तोफा फोडून माघार घेतली आहे. मागे वळलेली ही फौज मेलुकोट्याच्या परिसरात येते तेव्हा समोरून घोडेस्वार दिसतात. शत्रू म्हणून बंदुका सरसावल्या जातात. ते निघतात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांचे मराठे. त्यांच्या मागे त्यांचा बाजार: तांदूळ, डाळी, तूप, कापड, सराफ, सगळं. भाव अवाच्या सवा, पण माल आहे. उपाशी फौज पैसे मोजून जेवते. आपल्या बखरींत पराक्रमाला जागा मिळते, बाजारबुणग्यांना शिव्या. त्या दिवशी इंग्रजी फौजेला तारलं ते बुणग्यांनी, आणि हजारो बैलांवर धान्य लादून मुलूखभर फिरणाऱ्या वंजाऱ्यांनी.

आलाच आहात तर आणखी दीडशे वर्षं मागे, १६४० च्या सुमाराला, बेंगळुरूत शहाजीराजांच्या वाड्यात डोकावण्याचा मोह होईल. तिकडे पुण्याच्या जहागिरीत १६३० च्या दुष्काळाने आणि लढायांनी रान ओसाड पडलंय, आणि दादोजी कोंडदेव गावं पुन्हा वसवताहेत. मोह आवरा. पुढे जायचंय.

१८९९ ला बेंगळुरूजवळच्या हेब्बाळला क्षणभर थांबा. राज्यकारभार पाहणाऱ्या महाराणी वाणीविलास यांनी ३० एकर जमीन देऊन शेतीप्रयोगाची जागा करून दिली आहे, आणि दुष्काळाच्या आठवणी ताज्या असताना संस्थानने कॅनडाहून रसायनतज्ज्ञ लेहमन यांना आणलंय. त्यांच्यामागून कॅनडाचेच लेस्ली कोलमन येतील, रोगकिडीच्या कामात आयुष्य घालवतील. मग १९४३. ब्रह्मदेश जपानच्या हाती, तिथला तांदूळ बंद, बंगालात माणसं मरताहेत. बेंगळुरूत तांदळाची टंचाई. पुढे मावळ्ळी टिफिन रूम (एमटीआर) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात इडलीला तांदूळ नाही म्हणून रवा भिजतोय. रवा इडली इथेच आणि अशीच जन्मली, असं एमटीआरवाले सांगतात. आज नाश्त्याला ती मागवणाऱ्यांपैकी किती जणांना ती टंचाईची पोर आहे हे ठाऊक असेल?

१९६६. इथे जरा टेका. आदल्या हंगामात देशाचं धान्योत्पादन ८.९ कोटी टनांवरून ७.२ कोटींवर घसरलंय. शास्त्रीजींनी सोमवारचं एक जेवण सोडायला सांगितलं होतं. ते आता नाहीत, उपवास काही घरांत चालू आहे. वर्षभरात साधारण एक कोटी टन परदेशी धान्य येतंय, बरंचसं अमेरिकेचं, पीएल-४८० या तिथल्या धान्यमदत कायद्याखाली. व्हिएतनामवर भारत काय बोलतो ते पाहून अध्यक्ष जॉन्सन जहाजं सोडताहेत, महिन्याच्या महिन्याला, हात आखडत. मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचं बियाणं उत्तरेकडे चाललंय. त्या हरितक्रांतीची कहाणी तुम्हाला पाठ आहे.

तुम्ही त्याऐवजी मंड्याकडची बस धरा. व्ही. सी. फार्म म्हणजे विश्वेश्वरय्या कालव्यावरचं संशोधन केंद्र. दोन्ही बाजूंना कृष्णराजसागराच्या पाण्यावर ऊस आणि भात डुलतोय. त्या हिरवाईत एक माणूस कोरडवाहू नाचणीच्या वाफ्यात वाकून बसलाय. लक्ष्मणय्य. नाचणीचं फूल डोळ्यांना नीट दिसत नाही इतकं बारीक आणि आपल्याच परागाने फळणारं, त्यामुळे दोन वाणांचा संकर हे जिकिरीचं काम. दोन वाणांची कणसं एकमेकांना भिडवून बांधायची, मग हजारो रोपांतून संकराचं एखादं निवडून काढायचं, अशा वाटांनी हे काम चालतं. लक्ष्मणय्यांनी भारतीय नाचणीला आफ्रिकेतली नाचणी भेटवली. तसं पाहिलं तर ती घरवापसी. हे पीक मुळात पूर्व आफ्रिकेच्या डोंगरातलं, हजारो वर्षांपूर्वी इकडे आलेलं. त्या संकरातून सत्तरच्या दशकात इंडाफ नावाची मालिका निघाली आणि कर्नाटकातलं नाचणीचं हेक्टरी उत्पादन दुपटीच्या पुढे गेलं. लोक त्यांना रागीब्रह्म म्हणतात. देशाच्या मोठ्या सन्मानांच्या यादीत हे नाव शोधू नका. १९९३ मध्ये ते गेले.

त्यांच्या वाणांवर पुढे करपा पडू लागला, ऐन मानेत लागून कणीस पोचट करणारा. त्याला तोंड देणारं जीपीयू-२८ नव्वदच्या दशकात बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठातून आलं आणि राज्यभर पसरलं. बियाणं म्हणजे एकदा केलं आणि संपलं असं काम नव्हे. दर पंधरा-वीस वर्षांनी रोग नवा डाव टाकतो. बियाण्याची बाजू संशोधकांनी सांभाळली. तरीही देशातलं नाचणीचं क्षेत्र साठच्या दशकापासून आजवर निम्म्यावर आलंय, कारण गहू-तांदळाला हमखास सरकारी गिऱ्हाईक मिळालं, कालवा मिळाला, वीज मिळाली. नाचणीला मिळालं कौतुक. कोकणात आणि सह्याद्रीच्या डोंगरउतारावर आपल्याकडे तेच झालं.

परतीच्या वाटेवर १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रावरून जा. खाली रस्त्यांची आणि पाझर तलावांची कामं दिसतील, जवळपास ५० लाख माणसं त्यावर. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, पोरांच्या हातात सुकडी. राज्यातलं धान्य निम्म्याच्या आसपास घटलंय आणि तरी १८७७ सारखे मुडदे रस्त्यावर नाहीत. कामाची मजुरी हातात पडतेय म्हणून. इलियटच्या संहितेतला धागा वि. स. पाग्यांच्या रोजगार हमीपर्यंत येतो आणि तिथून २००५ च्या देशव्यापी कायद्यापर्यंत.

आता २०२३ चा जून-जुलै, बेंगळुरूतलं रेशन दुकान. यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून एक आजी तोच अंगठा पदराला पुसून पुन्हा टेकवताहेत. नव्या राज्य सरकारने अन्नभाग्य योजनेत माणशी १० किलो धान्य द्यायचं ठरवलंय. केंद्राचे पाच किलो आहेत. उरलेल्या पाचासाठी राज्य सरकार केंद्राच्या अन्न महामंडळाकडे पैसे घेऊन गेलंय. १३ जूनला केंद्राने राज्यांना खुल्या विक्रीतला तांदूळ देणं थांबवलं. गोदामात माल आहे, राज्याकडे पैसा आहे, आणि तांदूळ मिळत नाही. राजकारण दोन्हीकडे आहे, पण केंद्राची भीतीही खोटी नव्हती: एल निनोचं वर्ष, भाव चढते. शेवटी राज्याने किलोला ३४ रुपये धरून माणशी १७० रुपये खात्यात टाकले. ३४ रुपयांत बेंगळुरूच्या बाजारात सोनामसुरी मिळते का, हे रांगेतल्या कुठल्याही बाईला विचारा.

२० जुलैला देशाने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. जगाच्या तांदूळ व्यापारातला चाळीस टक्के वाटा एकट्या भारताचा, त्यामुळे दोन दिवसांत न्यू जर्सी आणि टेक्सासच्या भारतीय दुकानांत सोनामसुरीच्या पोत्यांसाठी झुंबड उडाली. त्यात आपली मराठी घरंही होती, एकेका गाडीत चार-चार पोती घालणारी. पश्चिम आफ्रिकेत हाच तांदूळ गरिबाच्या ताटात असतो, तिथल्या टंचाईचे व्हिडिओ कुणी पाठवले नाहीत. त्यानंतरचा ऑगस्ट शंभर वर्षांहून अधिक काळातला सगळ्यांत कोरडा ऑगस्ट ठरला. कर्नाटकाने २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर केले. मार्च २०२४ पर्यंत बेंगळुरूच्या विंधनविहिरी आटल्या आणि कंपन्यांमधले लोक टँकरच्या भावावर बोलू लागले.

याच २०२३ ला संयुक्त राष्ट्रांनी, भारताच्याच प्रस्तावावरून, भरडधान्य वर्ष म्हटलं होतं. नाचणीची बिस्किटं आली, नाचणीचे डोसे आले. शंभर ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतं हे सगळ्यांना पाठ झालं. त्यापेक्षा मोलाची गोष्ट कर्नाटकात आधीपासून होतेय: सरकार हमीभावाने नाचणी विकत घेतं आणि राज्याच्या दक्षिण भागात ती रेशनवर देतं. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये होता. शेतकरी नाचणी पेरतो तो या रुपयांमुळे, पाककृतींच्या पुस्तकांमुळे नव्हे.

जाता जाता देवनहळ्ळीला चक्कर मारा. विमानतळाच्या पलीकडे चन्नरायपट्टणच्या गावांत १,७७७ एकर जमीन विमान उद्योगासाठी घ्यायची होती. तिथे नाचणी आहे, भाजीपाला आहे, द्राक्षं आहेत. शेतकरी तीन वर्षांहून अधिक काळ धरण्यावर बसले आणि जुलै २०२५ मध्ये सरकारने संपादन सोडून दिलं. पेठेतल्या धर्मांबुधी तलावाला असं कुणी सापडलं नाही. मॅजेस्टिकचं बसस्थानक त्याच्याच तळावर उभं आहे.

देशाचं धान्योत्पादन आज वर्षाला ३५ कोटी टनांच्या वर आहे, १९६६ च्या जवळपास पाचपट. आकडा खरा आहे, अभिमानाचा आहे. पण १८७७ च्या स्टेशनावरही पोती होती. तेव्हा विक्रमी पिकाची बातमी पुढच्या वेळी वाचाल त्या आठवड्यात आपल्या तहसील कार्यालयात जा आणि एवढंच विचारा: तालुक्याच्या गोदामात आज किती महिन्यांचं धान्य आहे, आणि त्यात आपल्या तालुक्यात पिकलेलं किती? माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.